सल्ला त्याचा, सही माझी

संगणकाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारा आणि त्याचं सगळ्यात कमी ऐकणारा माणूस जगात कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या आप्पांकडं बोट दाखवीन. यवतच्या बाहेर, हायवेला लागून, एका खाजगी डेअरीचं दूध थंड करण्याचं केंद्र होतं. आप्पा तिथले मॅनेजर आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं संगणक आला आणि आप्पांना जणू उतारवयात लेक झाली! कुठल्या गावचं दूध किती, टेम्पोला अंतर किती, डिझेल किती, हे सगळं त्यांनी त्यात भरलं. एक आकडा बदलला की खालचे सगळे आकडे आपोआप बदलतात हे कळल्यावर तर त्यांच्या तोंडी एकच शब्द बसला, 'समजा'. समजा टेम्पो बिघडला. समजा म्हशी आटल्या. समजा पाटसचा घाट बंद पडला. चहा येईस्तोवर हा माणूस चार वेळा डेअरी बुडवून पुन्हा वर काढायचा.

पण त्यांचे दोन नियम होते. संगणकाला विचारायच्या आधी ऑफिसातल्या आम्ही चौघांनी आपापलं मत चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. "आधी आपलं डोकं उघडा, मंग त्याचं." आणि एकदा उत्तर आलं की आकड्यांना हात लावायचा नाही. "उत्तर बघून आकडा बदलणारा माणूस दुधात पाणी घालणाऱ्याच्या वरताण," असं ते म्हणत, आणि डेअरीत याहून मोठी शिवी नाही. पुतणीच्या लग्नात मठ्ठा किती लागेल हेही त्यांनी संगणकाला विचारलं. तो म्हणाला चाळीस लिटर, आप्पांच्या चिठ्ठीत साठ. त्यांनी साठच केला. पुढं दोन दिवस आमच्या ऑफिसात चहा बंद आणि मठ्ठा चालू! आम्ही कुरकुरलो तर म्हणाले, "सल्ला त्याचा होता, सही माझी. तवा जास्त पेले मीच पिणार."

मग एका उन्हाळ्यात दूध घटलं आणि मालकांनी विचारलं, कुठला रूट बंद करायचा? आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. संगणकानं नदीपलीकडचा, वडगाव रासाईकडचा रूट दाखवला. त्याच्या शेवटच्या थांब्यावर माझी आई दोन म्हशींचं दूध घालायची. टेम्पो थांबला असता तर म्हशी विकण्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं. एरवी आप्पा सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, मनातल्या मनात वाचल्या, स्वतःची तेवढी काढून घेतली आणि झाकण लावलं. माझ्या चिठ्ठीत मी 'बंद करा' असं लिहिलं होतं. घरच्यांची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये म्हणून. असला मी शहाणा!

मालकांपुढं आप्पांनी संगणकाचा कागद होता तसा ठेवला आणि त्यावर आपली चिठ्ठी, 'चालू ठेवा'. मालक म्हणाले, "मग हे यंत्र घेतलं कशाला?"

"विचारायला. त्यात उन्हाळ्याचं दूध भरलंय, मीच भरलंय. आता टेम्पो बंद केला तर लोक जनावरं इकत्यात, आन् इकलेली म्हस दिवाळीला माघारी येत न्हाई. हे त्याला कोण सांगणार?"

"आणि तोटा झाला तर?"

"मला काढा. सही माझीच हाय."

रूट राहिला. दिवाळीनंतर दूध वाढलं, पण आप्पांच्या अंदाजाएवढं नाही. मालक ते त्यांना वर्षभर ऐकवत राहिले.

त्या हिवाळ्यात आमची एक म्हैस व्याली आणि आईनं आप्पांना खरवस खायला बोलावलं. वाढता वाढता ती अभिमानानं म्हणाली, "माझ्या ल्योकानं शब्द टाकला म्हणून टेम्पो येतोय. व्हय ना, आप्पा?" मी मान खाली घालून ताटलीत बघत बसलो. आप्पा घास गिळून शांतपणे म्हणाले, "व्हय आक्का. त्याचीच चिठ्ठी पयली निघाली." उत्तर आल्यावर आकडा बदलायचा नाही असं आम्हाला बजावणाऱ्या माणसानं तेवढा एक आकडा बदलला, आणि वर आणखी खरवस मागून घेतला.

निवृत्त होताना त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. आत एकच चिठ्ठी होती, माझी ती 'बंद करा'वाली, चार घड्या घातलेली. पुढं ते दौंडला मुलाकडं गेले आणि तिथंच वारले. आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. संगणक नवा आहे, फार भरभर उत्तर देतो, पण त्याला विचारायच्या आधी मी चिठ्ठी लिहितो आणि खाली सही करतो. आई अजूनही येईल त्याला सांगते की टेम्पो तिच्या लेकानं वाचवला. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.