अंगठ्याला टेकू

एका ऑर्केस्ट्रात दहा-बारा वर्षं काढली की किस्से काही वेगळे जमवावे लागत नाहीत. घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते आपोआप साठतात. आमच्या बोईसरच्या ऑर्केस्ट्रातले बाकीचे लोक भेटले की हसण्याचे किस्से सांगतात. माझे मात्र सगळे घाबरण्याचे! कारण मी मुळातच भित्रा. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारा माणूस. म्हणून तर बेस गिटार घेतली. मागे उभं राहायचं, चार तारा सांभाळायच्या, कोणी बघत नाही. पण भीती तिथेही आलीच माझ्या मागे मागे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सरावलीला एका खोलीत राहायचो, एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसवर होतो. एका दुपारी पत्रा सरकवताना हात मागे घ्यायला पापणी लवण्याइतका उशीर झाला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट! डॉक्टर म्हणाले, "बोट वाचलंय. शेंड्याला जाणीव येईल की नाही, ते आत्ता सांगता यायचं नाही."

त्यानंतर दिवसातून पन्नास वेळा मी ते बोट चिमटून बघायचो. काही कळायचं नाही. मी बेस वाजवायचो पिकने, म्हणजे तो प्लॅस्टिकचा तिकोनी तुकडा असतो ना, त्याने. ते धरायला अंगठा आणि हेच बोट लागतं. पहिल्याच रिहर्सलला पिक तीनदा खाली पडलं. चौथ्यांदा पडलं ते थेट ढोलकीवर!

आमचे मास्तर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे आणि एरवी बोईसर स्टेशनजवळ शिवणकामाचं दुकान चालवायचे. माणूस सरळ, पण कात्रीसारखा. म्हणाले, "विलास, दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाही जमलं तर दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस! मला तर दरदरून घाम फुटला. कारखान्यात मी हेल्पर होतो, चाळीत भाडेकरू होतो. नावाने ओळखायचे ते फक्त ऑर्केस्ट्रात.

*

पिक धरता येत नाही म्हटल्यावर शेजारच्या दोन बोटांनी वाजवायचं ठरवलं. पण आमची बेस म्हणजे राक्षस. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की खालून उंदीर गेला असता. पाच मिनिटांत बोटं सुजायची. वसईच्या एका लग्नात एक म्हातारा बेसवाला भेटला. त्याने गिटार हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, तारा खाली आण, अंगठ्याला टेकू दे, मनगट घासतं ती कड मार. मग बोटं आपोआप चालतील."

सल्ला झकास. फक्त गिटार माझी नव्हती, मास्तरांची होती! माझ्याकडे नुसती सरावाला ठेवलेली. आणि माझ्या आधीच्या बेसवाल्याने हौसेने त्या गिटारवर गुलाबाचं एक स्टिकर चिकटवलं होतं. मास्तरांनी त्याला स्टिकरसकट घरी पाठवला.

मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "नाही केलं तर दिवाळीला जातोय, केलं तर उद्याच जाईन."

ती म्हणाली, "मग करूनच जा की!"

*

कारखान्यात लेथवर यादवजी होते. त्यांनी एक तुटकी अ‍ॅलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची वाकडी सळई, ग्राइंडरवर घासून बारीक केली, एवढीशी, आणि रविवारी सकाळी माझ्या खोलीवर आले. तारा ज्या पितळी घोड्यांवर बसतात त्यांचे स्क्रू त्यांनी एकेक करून खाली घेतले. माझा जीव प्रत्येक स्क्रूबरोबर खाली.

मग म्हणाले, "गर्दन भी टेढ़ी है। अंदर लोहे की छड़ होती है, उसको कसना पड़ेगा।"

मी म्हटलं, "यादवजी, राहू द्या."

"पाव चक्कर सिर्फ।"

त्यांनी तारा सैल केल्या, टोकाकडचं झाकण काढलं, आतल्या नटला पाना लावला आणि हळूच फिरवला. आतून आवाज आला, कट्ट!

मी डोळे मिटून घेतले. मोडली! आता मास्तरांना तोंड कसं दाखवायचं? मनातल्या मनात मी बोईसर सोडून गावी जायची गाडीसुद्धा पकडली. डोळे उघडले तर यादवजी गिटारच्या मानेला कान लावून बसलेले, डॉक्टर बसतात तसे.

शेवटी म्हणाले, "लोहा बोला है। लकड़ी चुप है।"

"म्हणजे?"

"मतलब चाय पिलाओ!"

*

अंगठ्याचा टेकू करायला मी गेलो नवापूरला, हरेशकडे. हरेश आमचा ढोलकीवाला, पण खरा धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. पिकवाला हात तारांवर मोकळा फिरतो, बोटांनी वाजवणाऱ्याला अंगठा कुठेतरी टेकवावा लागतो. वरच्या जाड तारेच्या वर बोटभर लाकडाची पट्टी बसवायची, एवढंच काम.

हरेशने सागाचा एक तुकडा घेतला, माझा अंगठा त्यावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि अशी सुंदर पट्टी तासली की मी बघतच राहिलो. मग त्याने ड्रिल उचललं. केवढं! मनगटाएवढं. होडीच्या फळ्यांना भोकं पाडायचं.

"हरेश, हे आरपार जाईल रे!"

"गप रव. आमी होडीला भोक पाडतो तं पानी आत येतं काय?"

त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली, ड्रिलचं टोक लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. मी गिटारच्या खाली हात धरला. भोक आरपार आलंच तर निदान मला आधी कळावं म्हणून! हरेश थांबला. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "येक बोट घालवलंस ना? आता दुसरं कशाला देतंस?"

मी हात काढला. भोक पाव इंच गेलं आणि थांबलं; दुसरंही तसंच पाडून त्याने पट्टी स्क्रूने बसवली. त्या दिवशी मी पहिल्यांदा अंगठा टेकवून दोन बोटं चालवली. आवाज बारीकच आला, पण सलग आला. हरेशसमोरच मला रडू फुटलं. त्याने न बघितल्यासारखं करून बोंबील वाळत घातलेली काठी उगाच सरळ केली.

*

कड मारायचं काम हरेशने माझ्या खोलीवर येऊन केलं. गिटारच्या वरच्या कडेवर मनगट टेकतं, तिथे ती इतकी धारदार होती की वाजवून झालं की हातावर लाल वळ उठायचा. त्याने कानस मारली, पॉलिशपेपर मारला, कड लोण्यासारखी झाली. पण काळा रंग उडून तिथे पांढरं लाकूड उघडं! मग हरेशनेच होडीचा काळा रंग आणून लावला. "दोन दिवस हात लावू नको," असं सांगून तो गेला.

दहा मिनिटांनी खिडकीतून सुनंदा ओरडली, "अहो, मास्तर येतायत!"

पळायला दार एकच. गिटार लपवायला कपाट नाही. मी काय केलं असेल? गिटार घेतली, कॉटवर आडवा झालो आणि दोघांवर गोधडी ओढली! ऑक्टोबरची भर दुपार. पत्रे तापलेले.

मास्तर आत आले. सुनंदा म्हणाली, "ताप आलाय ह्यांना." मास्तर खुर्ची ओढून उशाशीच बसले. कार्यक्रमांचं बोलले, दुकानाचं बोलले, सुनंदाला काढा कसा करायचा ते सांगितलं. अर्धा तास! माझ्या छातीवर गिटार, आणि गोधडीतून होडीच्या रंगाचा वास. एखादी तार जरी वाजली असती तरी संपलं होतं. मी श्वाससुद्धा मोजून घेत होतो.

उठताना मास्तरांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मी घामाने निथळत होतो. त्यांचा चेहरा खुलला.

"वहिनी, काळजी नको. उतरतोय ताप!"

ते गेल्यावर गिटार काढली तर बनियन तिला चिकटलेलं. कात्रीने कापून काढावं लागलं.

*

आणि मग घरघर सुरू झाली! तारा खाली आणताना घोड्यांखालची अर्थिंगची वायर सुटली होती, आणि ती सुटली की आवाजात घरघर येते, ते आम्हाला माहीतच नाही. नवापूरला जाळी ठेवायच्या शेडमध्ये आमची रिहर्सल चालायची. अ‍ॅम्प्लिफायर चालू केला आणि घूंऽऽऽ! थांबेचना. मास्तरांनी अ‍ॅकॉर्डियनचा भाता मिटला.

"हा आवाज कुठून येतोय?"

आता ते गिटार हातात घेणार, उलटीपालटी करणार आणि सगळं बाहेर येणार. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हरेश ढोलकी आवळत शांतपणे म्हणाला, "समुद्र हाय, मास्तर. भरती लागली ना."

मास्तरांनी दाराबाहेर बघितलं. खरंच भरती होती! "मग आज भरती जोरात दिसतेय," म्हणाले आणि पुढचं गाणं सुरू केलं. मी आवाजाचं बटण खाली करून अख्खी रिहर्सल नुसती बोटं हलवली.

दुसऱ्या दिवशी यादवजींनी वायर जोडून दिली.

*

दिवाळी झाली. पहिल्याच रविवारी मी शेडमध्ये पोचलो तर आत एक उंच, केस वाढवलेला मुलगा बसलेला. मास्तर म्हणाले, "हा विरारचा. बेस वाजवतो. आज दोघांचं ऐकून घेऊ."

मी ढोलकीशेजारी खालीच बसलो. दोन महिने दोन बोटं घासली होती, सगळं पाठ होतं, आणि त्या क्षणी त्या बोटांतही जाणीव राहिली नव्हती. हरेश हळूच म्हणाला, "श्वास घे रं."

मास्तरांनी माझ्या हातातून गिटार घेऊन त्या मुलाला दिली. त्याने खिशातून पिक काढलं, पाय फाकवून उभा राहिला आणि मारलं. खडखडखड! खाली आणलेल्या तारा त्या जोराने पट्टीवर आपटायला लागल्या. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज. त्याने पुन्हा मारलं, आणखी जोरात. आणखी खडखड. त्याने गिटार उलटी केली, सुलटी केली, टेकू बघितला, घासलेली कड बघितली.

"मास्तर, ह्या गिटारची कोणीतरी वाट लावलीय! हिच्या तारा खाली केल्यात. हे बघा, इथे भोकं पाडून पट्टी बसवलीय. इथे घासलीय!"

मास्तर उठले. त्यांनी गिटार घेतली, दाराजवळ उजेडात नेली. तारांखाली बघितलं. टेकूवर अंगठा ठेवून बघितला. कडेवरून तळहात सावकाश फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत आले आणि गिटार माझ्यासमोर धरली.

"वाजव."

माझे हात कापत होते. अंगठा टेकवला तेव्हा कुठे थांबले. मी दोन बोटांनी, जपून, गाण्याची पहिली ओळ वाजवली. मग दुसरी. हरेशने आपणहून ठेका धरला. खडखड नाही, घरघर नाही. सगळं गाणं संपेपर्यंत मास्तर उभेच होते.

मग ते त्या विरारच्या मुलाकडे वळले आणि अगदी प्रेमाने म्हणाले,

"गिटार बरोबर आहे, बाळा. तुझा हात जड आहे."