तांब्यातल्या चिठ्ठ्या

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आणि तो बिचारा झोपेतसुद्धा माझं ऐकायचा. पास्टरला सांगितलं नाही. देवाला — हं, देवाला सांगायला कितीदा तरी बसले. पण तिथवर पोचलं की गुडघ्यांचं गाऱ्हाणं घालून उठायचे. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

सकाळपासून तिसऱ्यांदा चहा ठेवला आणि तिसऱ्यांदा उतू घालवला. मांडीवर कागद, हातात कात्री. उद्या रविवार. माझी नात एस्तेर आणि तिच्याबरोबरची चार पोरंपोरी चौसाळ्याला नवी मंडळी सुरू करणार आहेत. मंडळी म्हणजे आमच्यात चर्च, मग ते एका खोलीत का भरेना. चौसाळ्यातली चार घरं जागा द्यायला तयार आहेत. कुणाच्या घरी बसायचं? तर म्हणे, आजीच्या वेळेस झालं तसंच करू. तोच तांब्या, तशाच चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या आजीनंच लिहायच्या. शिवाय सुरुवातीला आजीनं उभं राहून, देवानं चिठ्ठीतून आजीचं घर कसं निवडलं, ती गोष्ट सांगायची.

ती गोष्ट मी तीस वर्षं सांगते आहे. मंडळीच्या प्रत्येक वाढदिवसाला, दोन्ही हात वर करून. गोष्ट चांगली आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. फक्त खरी नाही.

थांबा, आधी कौसल्येचं सांगते.

कौसल्या माझ्याच वयाची, आमच्या गावची, माजलगावच्या धरणाच्या पाटावर आमचं गाव. दिवाळी झाली की ती नि तिचा नवरा कोयता घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. एका वर्षी परतली ती गाणी घेऊन. शेजारच्या खोपीतल्या बाईनं शिकवली म्हणाली, येशूची गाणी. वाचता-लिहिता येत नव्हतं, पण तीस-चाळीस गाणी कडव्यासकट पाठ. पाटाच्या कडेला लिंबाखाली बसून ती गायची. आधी गयाबाई जाऊन बसली, मग चंद्रकला, मग मी. पुढं बीडहून पास्टर यायला लागले, पंधरा दिवसांनी, एसटीनं. म्हणजे आमच्या गावात जे काही सुरू झालं, ते कौसल्येच्या गळ्यातून सुरू झालं. मी ते कधी नाकारलं नाही. फक्त सांगताना जरा भराभर सांगते.

आणि मी? मी तेव्हा काय चीज होते, विचारू नका. सातवी पास! गावातल्या बायकांत एवढी शिकलेली मीच. नवरा पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा, म्हणून लोक दारात येऊन अदबीनं बोलायचे, नि मला वाटायचं की अदब माझीच आहे. वर पत्रा घातलेला नवा ओटा. माजलगावहून आणलेल्या दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, ज्यांवर मी कुणाला बसू द्यायची नाही. पदर असा घ्यायची, जसं काही फोटोवाला समोर उभा आहे. आता समोर आली तर त्या बाईच्या कानाखाली वाजवीन.

एका रविवारी पास्टर म्हणाले, "झाडाखाली किती दिवस बसायचं? तुमची चौघींची टीम झाली आहे. एक घर ठरवा." टीम हा शब्द आम्हाला क्रिकेटपुरताच माहीत. चौघी लाजून हसलो. मग ते म्हणाले, शास्त्रात शिष्यांनी चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला, तसं तुम्हीही प्रार्थना करून चिठ्ठ्या टाका, देव घर दाखवील. एवढं सांगून ते चारची एसटी धरायला गेले. पुढच्या रविवारी आमचं आम्हीच करायचं होतं.

त्या आठवड्यात कौसल्येनं पांढऱ्या मातीनं घर पोतारलं. एक खोली, पण अशी पांढरी केली की उन्हात बघवेना. गयाबाई म्हणाली, "आगं, आधी नाव निगू तर दे, मग भिंती पोतार." कौसल्या हसली. मग मला एकटीला पाटावर गाठून म्हणाली, "सुले, माज्या घरचं नाव निगालं ना, तर आवंदा कोयता न्हाई. मालक बी हो म्हनलेत. पोरगं साळंत जाईल. देव घरी यायचाय अन् दाराला कुलूप लावून जावं व्हय?"

हे मला माहीत होतं. नीट ऐका — हे मला आधीपासून माहीत होतं.

रविवारी चिठ्ठ्या लिहायला मी माझ्या लेकाच्या वहीचं पान फाडलं. चार तुकडे केले. बाकीच्या तिघी माझ्यासमोरच बसल्या होत्या, भक्तिभावानं बघत. वाचता कुणाला येत होतं? पहिल्या तुकड्यावर माझं नाव लिहिलं. दुसऱ्यावर कौसल्येचं लिहायला घेतलं, अर्धं झालं — नि हात थांबला. का थांबला? ओटा माझा मोठा होता. "या माझ्याकडं" एवढं म्हटलं असतं तरी तिघी हो म्हणाल्या असत्या, कौसल्यासुद्धा. पण मला ओटा द्यायचा नव्हता हो. मला निवडून यायचं होतं. देवानं गावातली एवढी घरं सोडून माझं घर बोट दाखवून घेतलं, असं व्हायला हवं होतं.

तो अर्धा लिहिलेला तुकडा मी चुरगाळला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला. सातवी पास देवाची सेविका वहीचा कागद खात होती, वर तोंड करून!

गयाबाईनं विचारलं, "काय चावतीस गं?"

"बडीशेप," मी म्हणाले.

मग आणखी एक तुकडा फाडून घेतला, आणि उरलेल्या तिन्हींवर माझंच नाव लिहिलं. घड्या घातल्या. तांब्यात टाकल्या. चिठ्ठी कुणी काढायची? चंद्रकला म्हणाली, कौसल्येनं. हिची प्रार्थना लौकर पोचते.

कौसल्येनं डोळ्यांवर पदर ओढला आणि तांब्यात हात घातला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला वाटलं, हिचा हात लागून आतली अक्षरं बदलतील. देवाला काय अशक्य आहे? मी घाबरले, आणि कुठंतरी — आशाही केली. पण देवानं तसलं काही केलं नाही. जे लिहिलं होतं तेच निघालं.

मी माझं नाव वाचलं. मोठ्यानं.

सगळ्यांच्या आधी कौसल्याच "हालेलुया" म्हणाली. उठली, माझ्या ओट्यावर आली आणि झाडू मारायला लागली. उरलेल्या तीन चिठ्ठ्या मी चुलीत घातल्या. देवाच्या कामाचे कागद पायदळी नकोत, असं म्हणाले. त्याचंही कौतुक झालं. निघालेली चिठ्ठी कौसल्येनं मागून घेतली नि बटव्यात ठेवली, सुपारीशेजारी.

दिवाळी झाली. ती टोळीबरोबर गेली. पोरगा रमेश, चौथीतला, बैलगाडीत मागच्या बाजूला बसला होता, दप्तर मांडीवर. दप्तर कशाला घेतलं होतं त्यानं? तिथं कुठली शाळा? पुढं अकरा हंगाम गेले ते. रमेशची शाळा चौथीतच राहिली. इकडं माझ्या ओट्यावर मंडळी वाढली, पुढं पत्र्याचं चर्च झालं. कौसल्या उन्हाळ्यात परतली की यायची, दाराशी बसायची. मी म्हणायचे, आत ये की. ती म्हणायची, "हितं बरं हाय. बोलावलेल्यानं आत बसावं."

एकदा बटवा उघडून तिनं ती चिठ्ठी मला दाखवली. पार पिवळी पडलेली. म्हणाली, "देवानं मला येकच चिठ्ठी लिवली सुले, अन् तिच्यात बी नाव तुजं." आणि हसली. रागानं नाही. रागानं हसली असती तर मी तेव्हाच सांगून टाकलं असतं — असं मी स्वतःला सांगत आले.

इथवर मी त्या तरुण बाईला हसत होते ना? आता गेल्या रविवारचं ऐका.

रमेशचं आता चौसाळ्यात हायवेला पंक्चरचं दुकान आहे. त्याची बायको कविता जागा देणाऱ्या चौघांतली एक. एस्तेर आमच्या ओट्यावर बसून चारही घरांची नावं लिहून घेत होती, तेव्हा दाराशी बसलेली कौसल्या म्हणाली, "आमचं नाव टाकू नगा, पोरीनो. आमच्या घराला देवानं येकदा न्हाई म्हनलंय. पुन्हा कामून इचारायचं?"

कविता खाली बघायला लागली. एस्तेर माझ्याकडं वळली. "आजी, तू समजाव ना यांना."

सगळे माझ्याकडं बघत होते. कौसल्यासुद्धा. आणि मी म्हणाले, "तिची इच्छा नसेल तर राहू द्या."

सातवी पास, लाल खुर्च्यांवाली, कागद खाणारी ती बाई कुठं गेलेली नाही बघा. तीच बोलली. फक्त आता कवळी लावून.

एस्तेरनं वहीत कविताच्या नावावर रेघ मारली. आता तीनच चिठ्ठ्या लिहायच्या आहेत.

कात्री चालवली तर सवयीनं चार तुकडे झाले. तीन लिहून घड्या घालून तांब्यात टाकले. उद्या मला उभं करतील. मी खरं बोलेन, असं वचन देत नाही. गेली तीस वर्षं प्रत्येक वाढदिवसाला मी तेच ठरवून उठले आहे. कौसल्या दाराशी बसलेली असेल, बटवा कमरेला.

चौथा तुकडा कोरा आहे, मांडीवर. कौसल्येच्या घराचं नाव मला लिहिता येतं. तेव्हाही येत होतं.