दाराबाहेरचे सर

आमच्या गल्लीतले सर नांदेडच्या लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवायचे. धर्मस्वातंत्र्यावर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत; मी एकही वाचलेलं नाही. मला सर माहीत ते दाराबाहेरचे. देऊळ असो, दर्गा असो, गुरुद्वारा असो, आम्हाला आत पाठवून ते बाहेर चपला राखत बसायचे. "सरकारनं असंच बसावं. चपला राखाव्या, आत डोकावू न्हाई," असं म्हणून स्वतःच हसायचे. मला तो जरा शिष्टपणाच वाटायचा.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या लेकीनं लातूरला बौद्ध धर्माची दीक्षा घ्यायचं ठरवलं. बिलोलीहून सरांच्या थोरल्या भावाचा फोन आला, "पोरीला आवर." सर म्हणाले, "तिचा हक्क हाय, दादा," आणि फोन ठेवला. लातूरला मीच त्यांना गाडीतून नेलं.

विहाराच्या दारात चपला काढताना लेक म्हणाली, "बाबा, आज तरी आत या."

"तू जा. मी हाय इथंच."

ती चपला तिथंच सोडून आत गेली. तिच्यामागून मीही गेलो. सरांनी आत यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

कार्यक्रम संपवून बाहेर आलो तर फरशी नुसती भाजत होती. लोक तापलेल्या चपलांत पाय घालून नाचत होते. सर भर उन्हात उघड्या डोक्यानं उभे होते. त्यांची छत्री उघडून खाली ठेवलेली होती, आणि छत्रीखाली लेकीच्या चपला होत्या.