कोणाला विचारलं नाही?

सूनबाई पुरवठा-व्यवस्थापन शिकतेय. काल एक शोधनिबंध वाचताना तिची पेन्सिल एका ओळीखाली थबकली. एकाच पुरवठादारावर विश्वास टाकणाऱ्या कारखान्यांना माल वेळेवर मिळतो, असं छापलं होतं. मी खूश! म्हटलं, "मग आपल्या मसाल्याच्या धंद्याला दोन मिरचीवाले कशाला? दुसऱ्याला उद्याच नको म्हणते."

"थांबा हो आई! यांनी विचारलंय फक्त चालू कारखान्यांना. एकावर विसंबून जे बुडाले, ते उत्तर द्यायला आहेत कुठे?"

खरंच की! सुखी संसाराचं गुपितसुद्धा आपण लग्नाला पन्नास वर्षं झालेल्यांनाच विचारतो. संसार मोडलेल्यांकडे कोण जातं? छापलेलं खोटं नसेलही, पण कोण बोललं नाही, तेही वाचावं लागतं. जमतंय बरं का मला! सकाळी दुसऱ्या मिरचीवाल्याला फोन केला आणि नेहमीएवढी मिरची मागवली.