दाजीसाहेबांची आडवी बाटली

रिकाम्या बाटल्या नेणारा माणूस कलकत्त्यात गार्डन रीचला आमच्या बंगल्यावर दर रविवारी सकाळी हाक मारत यायचा. शिशी-बोतल घेऊन जायचा, घर मोकळं व्हायचं. किस्से नेणारा मात्र कुणी आला नाही. त्यामुळे ते माझ्याकडे साठत गेले. आता बसलाच आहात तर चार ऐका. मी हळू बोलतो, तुमचा चहा गार होईल, तेवढं सांभाळून घ्या.

मी दत्तू. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. साताऱ्याच्या दाजीसाहेबांची रेल्वेत कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा त्यांचा स्वयंपाकी म्हणून मी सोबत गेलो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. गोरे साहेब बोटीत बसून चालले होते आणि त्यांचं सामान एस्प्लनेडच्या बाजूला लिलावात निघत होतं.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बैठक बसायची. करंदीकर मास्तर यायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे, पण जन्म, शाळा, नोकरी, टक्कल, सगळं कलकत्त्यातच झालेलं. घोषबाबू यायचे, साहेबांच्याच ऑफिसातले. वहिनीसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, बैठकीत कधी बसल्या नाहीत. पण बैठक चालायची ती त्यांच्याच हुकमावर!

* * *

सुरुवात कपाटापासून झाली. वहिनीसाहेबांना साड्यांसाठी कपाट हवं होतं. साहेब लिलावात गेले आणि सागवानी, आरशाचं, झकास कपाट घेऊन आले. चार हमालांनी ते आत आणलं, तर आतून किणकिण ऐकू येतेय!

वहिनीसाहेबांनी दार उघडलं. आत बाटल्याच बाटल्या. कुणा गोऱ्या साहेबानं हौसेनं जमवलेली वाईन!

"अहो, हे काय?"

"आतल्या सामानासकट घ्यावं लागलं. लिलावाचा नियम आहे."

"आणि माझ्या साड्या कुठं ठेवू? बाटल्यांना नेसवू?"

"अगं, ही दारू नव्हे, वाईन आहे. द्राक्षांची."

"बाटलीतच असते ना?" वहिनीसाहेब म्हणाल्या. "मग माझ्या स्वयंपाकघरात नाही, देवघरात नाही आणि माझ्या पानासमोर तर नाहीच नाही!"

घोषबाबू दारात उभे राहून हसत होते. बंगाल्यांत पूर्वी मुलांना झोपवताना मराठी घोडेस्वारांची भीती घालायचे. बर्गी म्हणायचे त्यांना. वहिनीला बंगालीत बौदी म्हणतात; घोषबाबू म्हणाले, "बौदी, बर्गी परत आले! पण या खेपेला पैसे मोजून लुटतायत. सुधारले!"

* * *

ही बर्गींची थट्टा सगळ्यांत जास्त व्हायची ती मास्तरांची. कारण मास्तर राहायचे बागबाजारला. मराठ्यांना अडवायला इंग्रजांच्या वेळी खंदक खणला होता, तो तिथूनच सुरू व्हायचा म्हणतात.

एकदा घोषबाबूंनी मुद्दाम विचारलं, "मास्तर, एवढा मोठा खंदक खणला, तरी तुम्ही आत घुसलात कसे?"

मास्तरांनी शांतपणे ग्लास खाली ठेवला.

"भाड्यानं!"

* * *

वाईन कशी ठेवायची हे मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. बाटली आडवी हवी, अंधार हवा आणि गारवा हवा. आता मे महिन्यात कलकत्त्यात गारवा आणायचा कुठून? पंख्याचं वारंसुद्धा इस्त्री फिरवल्यासारखं लागतं.

साहेबांना युक्ती सुचली. न्हाणीघरातला सिमेंटचा हौद! अंधार होता, गारवा होता. आम्ही सगळ्या बाटल्या अलगद हौदात आडव्या केल्या. एकच तेवढी राहिली. तिच्या बुचावरचं मेण निघालं होतं, म्हणून साहेबांनी ती वेगळी ठेवली.

चार दिवसांनी बघतो तर हौदावर कागद तरंगतायत. सगळी लेबलं सुटून वर आलेली! कुठली बाटली फ्रान्सची, कुठली पोर्तुगालची, कुणाला कळायला मार्ग नाही.

मास्तर म्हणाले, "काही बिघडत नाही. चवीवरून ओळखू."

मग शनिवारी ओळखण्याचा कार्यक्रम सुरू झाला. एका शनिवारी एक चपटी बाटली निघाली. मास्तरांनी वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ डोळे मिटून बसले.

"फ्रेंच. जुनी. घशाखाली गेली तरी वास नाकात राहतो. ही खरी खूण!"

घोषबाबूंनी घोट घेतला आणि तसाच कुंडीत थुंकला. साहेबांनी बाटली उजेडात धरली. काचेवरच बारीक अक्षरं उठवलेली होती. त्या गोऱ्याचं केस उगवायचं लोशन होतं ते!

आतून वहिनीसाहेबांचा आवाज आला, "भावजी, काळजी करू नका. आता आतून उगवतील!"

* * *

हौदातल्या बाटल्या हळूहळू संपल्या. ती वेगळी ठेवलेली तेवढी उरली. काळपट हिरवी, जड, खांद्याला रुंद. लिलाववाल्यानं सांगितलं होतं, सगळ्यांत जुनी हीच.

साहेबांनी तिच्या बुचावर लाख ओतली आणि स्वतःच्या नावाचं पितळी सील उमटवलं. ते सील कायम त्यांच्या कोटाच्या खिशात असायचं.

"ही मी मित्रांबरोबर पिणार नाही," साहेब म्हणाले. "ही हिच्याबरोबर. हिनं माझ्याशेजारी बसून एक घोट घ्यायचा. त्याशिवाय बूच निघणार नाही!"

चेष्टा नव्हती ती. मी इतकी वर्षं त्यांना वाढत होतो. वहिनीसाहेब कधी त्यांच्याबरोबर जेवायला बसल्या नव्हत्या. सगळ्यांचं झाल्यावर, मागून, एकट्या. साहेबांना ते सलायचं, पण बोलून दाखवता येत नसे. बाटलीचं निमित्त करून बोलले.

वहिनीसाहेब दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग ती तुमच्याबरोबर पेन्शनीत निघेल."

पण बाटली ठेवायला जागा त्यांनीच दिली. कपाटाचा खालचा खण, जुन्या लुगड्यांच्या घडीत. किल्ली त्यांच्या कमरेला. साहेब दर शनिवारी खण उघडायला लावायचे, सील बघायचे, आणि समाधानानं परत यायचे.

* * *

एकदा आम्ही रजेवर साताऱ्याला निघालो. साहेबांच्या डोक्यात महाबळेश्वर होतं. तिथं मावळतीच्या वेळी वहिनीसाहेब नक्की ऐकतील असं त्यांना वाटलं. म्हणून बाटली होल्डॉलमध्ये गुंडाळली. आणि शेजारी गंगेचा तांब्याचा गडू, साहेबांच्या आईसाठी. त्यालाही तीच लाख, तेच सील.

मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी. भुसावळला पोलीस डब्यात चढला. "होल्डॉल उघडा."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा अधिकारी, हातात बेडी पडायची वेळ!

वहिनीसाहेब उठल्या. गडू घेतला, सील फोडलं. "हवालदार, आधी तीर्थ घ्या. कलकत्त्याहून आणलंय, गंगा आहे."

पोलिसानं टोपी काढली, ओंजळ केली. ते बघून शेजारच्या बाकावरची म्हातारी उठली. मग तिची सून. मग सगळा डबा! वहिनीसाहेब पळीपळीनं वाढत राहिल्या, पोलिसाला दुसऱ्यांदा दिलं, त्याच्या घरच्यांसाठी एका रिकाम्या शिशीत भरून दिलं. गाडी सुटायची शिट्टी झाली आणि तो हात जोडून उतरला.

गडू रिकामा!

साताऱ्याला पोचलो. सासूबाई पूजेला बसलेल्या, गंगेची वाट बघतायत. वहिनीसाहेब पाय धुवायला म्हणून मागच्या विहिरीवर गेल्या. जाताना साहेबांचा कोट झटकायला घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, "दत्तू, चुलीत जरा लाख धर."

सासूबाईंनी सील निरखलं, फोडलं, पाणी डोळ्यांना लावलं, एक घोट घेतला.

"आहाहा! आमच्या विहिरीला जन्मात अशी चव यायची नाही!"

महाबळेश्वरला काही जमलं नाही. साहेबांनी बाटली काढायच्या आत वहिनीसाहेबांना थंडी वाजली. बाटली तशीच लुगड्यांत परत गेली.

* * *

मग साहेबांना कुणीतरी सांगितलं, की फ्रेंच लोक मटण वाईनमध्ये शिजवतात. साहेबांनी ठरवलं, ग्लासातून नाही तर ताटातून! बाजारातून एक स्वस्तातली बाटली आणली आणि माझी पाठ वळल्यावर दिसेल त्या पातेल्यात अर्धी ओतून पसार झाले.

पातेलं मसुराच्या आमटीचं होतं.

वहिनीसाहेबांनी पळी फिरवली. "दत्तू, जांभळी आमटी कुठल्या सणाला करतात रे?"

मी मान खाली घातली. त्यांनी पळी हुंगली.

"मटणात घालायची होती का त्यांना?"

"होय."

"मग तसं सांगायचं," एवढंच म्हणाल्या आणि आमटी मोरीत ओतली.

* * *

शेवटच्या हिवाळ्यात साहेबांच्या निवृत्तीचे कागद आले. त्याच आठवड्यात घोषबाबू म्हणाले, "बौदी, तुमच्या मराठी मटणात तिखटाशिवाय काही नसतं. उगाच रडायला लागतं."

वहिनीसाहेब म्हणाल्या, "शनिवारी या. मी स्वतः करते."

शनिवारी सकाळी मला त्यांनी बागबाजारला पिटाळलं, मास्तरांच्या घरी. वेंगुर्ल्याहून मास्तरांकडे आमसुलं येत, ती आणायला. गार्डन रीच ते बागबाजार म्हणजे सगळं कलकत्ता ओलांडायचं! मी परत आलो तोवर रस्सा शिजून तयार होता. पातेल्यावरचं झाकणसुद्धा मला काढू दिलं नाही.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात नुसते भुरके ऐकू येत होते. गडद, दाट, जिभेवरून हलू नये असा रस्सा. घोषबाबूंनी भात मागितला, परत रस्सा मागितला, शेवटी बोटं चाटून म्हणाले, "बौदी, मी माझे शब्द परत घेतो. घरी न्यायला डबा द्या."

साहेब म्हणाले, "एवढ्या वर्षांत असा झाला नव्हता. काय घातलंस?"

"जुनं होतं एक," वहिनीसाहेब म्हणाल्या. "संपवून टाकलं."

त्या दिवशी त्यांनी मागून जेवायचं सोडून आमच्यासमोरच पान मांडून घेतलं. साहेब रश्शाकडे बघत होते की त्यांच्याकडे, मला कळलं नाही. सोलकढी मात्र झालीच नाही. आमसुलं कुठं गेली, मी विचारलं नाही.

* * *

आणि हा शेवटचा. सामान बांधून झालं होतं. सकाळी गाडी. संध्याकाळी मास्तर आणि घोषबाबू निरोपाला आले.

वहिनीसाहेबांनी कमरेची किल्ली काढली, खण उघडला आणि ती बाटली स्वतः आणून टेबलावर ठेवली. खुर्ची ओढली आणि साहेबांच्या शेजारी बसल्या.

"चला. एक घोट म्हणाला होता ना?"

साहेबांनी बाटली जवळ ओढली. सील नीट तपासलं. अक्षर न् अक्षर जागेवर. लाख फोडली, बूच ओढलं. ते अलगद निघालं.

"जुन्या वाईनचं असंच असतं," मास्तर म्हणाले.

लालभडक धार ग्लासांत पडली. मास्तरांनी घोट घेतला, डोळे मिटले. "ओळखीचं काहीतरी लागतंय. लहानपणचं! याला म्हणतात मुरणं!"

घोषबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, असली चीज मी जन्मात चाखली नाही. हा आंबटपणा! हा फ्रान्सशिवाय कुठं होत नाही!"

साहेबांनी एक घोट घेतला आणि आपलाच ग्लास वहिनीसाहेबांपुढे धरला. त्यांनी पदर सावरला, ग्लास घेतला, सावकाश एक घोट घेतला. जरा विचार केला.

"साखर थोडी कमीच पडली."

साहेबांनी वहिनीसाहेबांकडे बघितलं. त्या आणखी एक घोट घेत होत्या. मग साहेब सावकाश माझ्याकडे वळले.

"दत्तू, त्या शनिवारचा रस्सा..."

"मी बागबाजारला होतो, साहेब," मी म्हणालो.