सोफेवाल्या दादांच्या अन्ननलिकेतली जाळी

सोफे दुरुस्त करणारे दादा कापड ठोकताना चुका, म्हणजे ते बारीक खिळे, ओठांत धरायचे. तीस वर्षांत एकही इकडची तिकडे झाली नव्हती. त्या दुपारी मात्र सटकन शिंक आली आणि एक चूक थेट घशाखाली गेली.

"यांनी चूक गिळली," बायकोनं दवाखान्यात धापा टाकत सांगितलं.

"चूक कबूल करतात हो, गिळतात कशाला?" नर्सला काही कळेना.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून चूक काढली, पण अन्ननलिकेला भोक पडलं होतं. गिळलेलं छातीत पाझरू नये म्हणून त्यांनी आत आवरण घातलेली जाळीची नळी बसवली. "हा स्टेंट. सहा आठवड्यांनी काढू."

दादा चक्रावले. त्यांच्या मेहुण्याच्या हृदयातही स्टेंट होता, तो कायमचा. भेटायला आलेला मेहुणा छातीठोकपणे म्हणाला, "काढतात? छे! तुम्ही नीट ऐकलं नाही, दाजी."

दादांनाही तसंच वाटायला लागलं.

दहाव्या दिवशी नळीमुळे छातीत आलेलं दडपण एकदम गेलं. दादा खूश. तपासणीत फोटो काढला, तर नळी खाली सरकलेली. भोक पुन्हा उघडं पडलं होतं.

"म्हणजे बरं वाटतंय ते वाईट?"

"सध्या तरी."

"मग घट्ट का नाही बसवली?"

"आवरणामुळे मांस जाळीत रुजत नाही, म्हणून ती सरकते. पण रुजत नाही म्हणूनच काढता येते."

दादांनी मान डोलावली. बाहेर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"चांगली आहे म्हणून वाईट आहे."

बायकोनं कपाळाला हात लावला.

नळी वर ओढून तिच्या कडेला आतून चिमटे लावले. पुढचा महिना दादा पातळ सूपवर होते. खोकला आला की छाती दाबून धरायचे. दुखलं की त्यांना हायसं वाटायचं, दुखायचं थांबलं की धडकी भरायची.

ठरल्या दिवशी नळी निघाली. भोक बुजलं होतं. ट्रेमधल्या जाळीचं आवरण दादांनी चिमटीत धरून पाहिलं. "एवढं पातळ?"

घरी बायकोनं पावाचा तुकडा पुढे केला. दादांनी तो चावून चावून गिळला.

"दुखलं?"

"नाही. आता हे चांगलंच ना?"

"चांगलंच हो!"

तरी त्यांनी मेहुण्याला फोन लावून विचारलंच. मग उरलेला पाव संपवला.