सहा मेगापिक्सेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रविवारी फोटो काढत हिंडतो त्या मंडळींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — आता काय, ऐका.

पण आधी मला त्या कॅमेऱ्याबद्दल बोलू द्या. पळवाट म्हणा हवं तर. एकदा त्याच्याबद्दल बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळं तिथूनच सुरू झालं.

त्या काळातला सगळ्यात साधा, सगळ्यात स्वस्त डीएसएलआर. सहा मेगापिक्सेल! तुमच्या खिशातला फोनसुद्धा हसेल. मागचा पडदा एवढासा, त्यावर फोटो हलला की नीट आला हेही धड कळत नाही. उजेड कमी झाला की फोटोवर वाळू सांडल्यासारखे दाणे. व्हिडिओ वगैरे लाड नाहीत. आणि शटरचा आवाज — खटाक्! यशवंतपूरच्या बाजारात पोत्यांना टेकून डुलक्या घेणारा हमाल त्या आवाजानं एकदा दचकून उठला, माझ्याकडे बघून कन्नडमध्ये दोन शब्द बोलला आणि पुन्हा झोपला. त्या दोन्ही क्षणांचे फोटो आहेत माझ्याकडे, आणि काय फोटो आहेत!

कारण रंग. अहो, रंग! सकाळचं कोवळं ऊन कांद्याच्या ढिगावर पडलेलं असतं ना, तो गुलाबी रंग माझ्या नव्या, महागड्या कॅमेऱ्यात कधी आलाच नाही. तो सगळं स्वच्छ दाखवतो, धुऊन इस्त्री केल्यासारखं. हा जुना मात्र लाल म्हणजे लाल, हळद म्हणजे हळद दाखवतो, आणि माणसाची कातडी अशी की हात लावावा. जाणकार सांगतात, आतल्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरमुळे वगैरे काही नाही, सगळे मनाचे खेळ. असतील. मला त्या खेळाचं वेड लागलं, एवढं खरं.

तर — हा कॅमेरा माझा नाही.

तो वैजूअक्कांचा आहे. राजाजीनगरात आम्ही ज्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिथे तळमजल्यावर त्या राहतात. जन्म चामराजपेटेतला, घराणं मराठी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा या शहरात माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलणारं माणूस म्हणजे अक्का. लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी घेतलं, तो हा कॅमेरा.

त्यांनी त्याचं काय केलं, हे तुम्हाला कळायलाच हवं. त्या पहाटे बसनं चामराजपेटेत आपल्या जुन्या गल्ल्यांत जायच्या आणि दारात रांगोळी काढणाऱ्या बायकांचे फोटो काढायच्या. रांगोळीचा नव्हे हं, रांगोळी काढणारीचा. पदर खोचलेला, बोटं पांढरी, रांगोळी पुरी झाल्यावर एक पाऊल मागे सरून ती आपल्याच कामाकडे बघते, नेमका तो क्षण. मग संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाताना प्रत्येकीला तिचा फोटो छापून द्यायच्या. इथे तिळगुळासारखं एळ्ळू-बेल्ल वाटतात, अक्का त्याच्याबरोबर फोटो वाटायच्या. त्या गल्लीतल्या कितीतरी बायकांचा लग्नानंतरचा एकटीचा असा तो एकच फोटो होता.

एके दिवशी कॅमेरा बंद पडला. पडद्यावर नुसतीच बिघाडाची खूण, फोटो निघेना. अक्का जिना चढून वर आल्या. बिल्डिंगमध्ये कॅमेऱ्यातला शहाणा मीच ना!

"प्रसाद, हे स्वल्प बघ की रे. रुसलंय," म्हणाल्या.

ठेवून जा म्हटलं. रविवारी दुपारी उघडून बसलो. लेन्स आणि कॅमेरा जिथे जुळतात तिथले पितळी ठिपके मळले होते, बस्स. मुलीचं खोडरबर घेतलं, हलकेच घासलं, लेन्स पुन्हा बसवली. खटाक्! झाला की सुरू. खात्री करायला म्हणून बाल्कनीतल्या जास्वंदीचा एक फोटो काढला आणि संगणकावर उघडला.

काय सांगू तुम्हाला? माझ्या महागड्या कॅमेऱ्यात जास्वंद म्हणजे लाल डाग यायचा. इथे प्रत्येक पाकळीची शीर वेगळी, आणि लाल असा जिवंत की मी खुर्चीतून उठलोच. घरभर फिरलो. भांड्यांचे, पडद्यांचे, बायकोच्या हिरव्या साडीचे फोटो काढले. बायको म्हणाली, वेड लागलंय का? लागलं होतं. संध्याकाळपर्यंत मी त्या कॅमेऱ्याच्या प्रेमात पुरता बुडालो होतो, आणि सकाळी तो परत द्यायचा होता.

सकाळी मी खाली गेलो. रिकाम्या हातानं.

"अक्का, गेला तो. आतला बोर्डच गेलाय. आता याचे भाग मिळत नाहीत."

एवढंच. किती सहज आलं तोंडातून! जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. अक्कांनी थोडा वेळ हातातला गजरा तसाच धरून ठेवला, मग म्हणाल्या, "सरी. मग तुझ्याकडंच ठेव. एखादा भाग लागला कुणाला तर उपयोगी पडेल." आतलं फोटोंचं कार्ड मात्र मी त्यांना प्रामाणिकपणे परत केलं — बघा, केवढा सज्जन!

त्या संक्रांतीला अक्का फोटोंशिवाय गेल्या. फोनवर काढून बघितले त्यांनी, पण मन लागेना. पहाटेचं जाणंही हळूहळू सुटलं. गल्लीतली एक पुट्टम्मा म्हणून म्हातारी होती, तिनं अक्कांना विचारून ठेवलं होतं की यंदा माझा नवीन फोटो दे, जुन्यात दात आहेत. तो फोटो निघाला नाही. पुट्टम्मा पुढच्या वर्षी गेली. हे मला अक्कांनीच सांगितलं, जिन्यात, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत. मी काय केलं? पिशवी वरपर्यंत उचलून दिली.

आणि कॅमेरा? कॅमेरा माझ्यासोबत यशवंतपुरात, अक्का चुकूनही येणार नाहीत अशा बाजारात. त्याचा एक कोपरा फुटलेला होता, अक्कांच्या हातून कधीतरी पायरीवर आपटलेला. त्यावर मी काळी पट्टी चिकटवली. आमच्या ग्रुपमधली तरुण पोरं विचारायची, सर, हे रंग कसे आणता? हल्ली जुन्या कॅमेऱ्यांची फॅशनच आलीये म्हणे, तर मी त्यांच्यात एकदम हिरो. सांगू का, मला ते सगळं भयंकर आवडत होतं! अजून आवडतं. वाईट वाटत होतं म्हणून आनंद कमी झाला, असं लिहिलं तर ती दुसरी थाप होईल.

आता त्याहून वाईट सांगतो. यंदा अक्कांनी मला बोलावून घेतलं. भाचीच्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं की तसले जुने कॅमेरे आता पुन्हा स्वस्तात मिळतात. डोळे चमकत होते त्यांचे. म्हणाल्या, "माझ्यासारखाच एक हुडकून दे की रे. हातपाय चालतात तोवर गल्लीत जाऊन येते."

बघा, दार उघडून समोर ठेवलं होतं. वर जायचं, कपाट उघडायचं, खाली यायचं. "दुरुस्त झाला अक्का" एवढंसुद्धा चाललं असतं, खोटंच, पण कॅमेरा तर घरी गेला असता. मी काय केलं असेल? मी तशाच मॉडेलचा दुसरा शोधला. कुणाकुणाला फोन केले, हुडकून काढला, स्वतः पुसूनबिसून नेऊन दिला. त्यांचा माझ्याकडे, आणि कुण्या अनोळखी माणसाचा त्यांच्याकडे. त्यांनी माझ्या हातावर बेसनाचे लाडू ठेवले. मी ते खाल्ले.

अक्का पुन्हा पहाटे जाऊ लागल्या. मला फोटो दाखवायला वर यायच्या, धापा टाकत, लहान मुलीसारख्या. आणि मीही खरोखर हरखून बघायचो! अशाच एका सकाळी मी बाजारातून परतताना फाटकात त्या समोर आल्या. कॅमेरा माझ्या गळ्यात.

"अय्यो, तू पण तोच घेतलास?"

"तुमचा बघून घेतला, अक्का."

खूश झाल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते, इथे गाड्या, हत्यारं, अवजारं सगळं पुजतात. अक्कांनी निरोप धाडला, तुझा पण घेऊन ये, दोघं शेजारी ठेवू. माझा महागडा न्यावा असं मनात आलं. पण गळ्यातला तो त्यांनी पाहिला होता. नेला.

पाटावर दोन सारखे कॅमेरे, झेंडूची फुलं, उदबत्ती. दोघांना हळदकुंकू लावलं. मला लावलं. मग त्यांनी माझ्यासमोरचा कॅमेरा उचलला — त्यांचा. बाजूच्या रबरावर एक झिजलेली जागा आहे, माझा अंगठा तिथे कधीच नीट बसला नाही. त्यांचा न बघता बसला. मी काळ्या पट्टीकडे बघत होतो. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "हास की रे, सणाचा दिवस."

खटाक्.

मागच्या त्या एवढ्याशा पडद्यावर त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. माझ्या कपाळावरचं कुंकू, लाल म्हणजे लाल. संशय? छे. चेहऱ्यावर नुसता आनंद होता, आणि थोडी हळहळ.

"तुझा बेस आहे रे," म्हणाल्या. "मला दिलास त्याच्यात असा लाल येत नाही. माझा होता की नाही, तो अस्साच होता. जप याला."

आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला.